झाड काही आडवं होईना

माझ्या मोठ्या नणंदेला आमच्या संशोधन संस्थेत सगळे ‘पिचकारीबाई’ म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की पिचकारीबाई. तिला हे ठाऊक आहे आणि त्याचं तिला काही वाटत नाही, कारण नाव खोटं नाही. बिनसुईच्या सिरिंजने टोमॅटोच्या रोपांच्या पानांत पाणी भरण्यात तिची अर्धी हयात गेली. पानाच्या मागच्या बाजूला सिरिंजचं तोंड टेकवायचं, पुढून बोटाचा आधार द्यायचा आणि हलकेच दाबायचं. कागदावर तेल पसरावं तसा पानावर ओला डाग पसरत जातो. जास्त दाबलं की पान फाटतं, कमी दाबलं की पाणी मनगटावरून ओघळून बाहीत जातं. नव्या मुली दोन-दोन डझन पानं फाडतात. ताई बोलता बोलता एक ट्रे उरकते, आणि बोलणं बहुतेक कुणाच्या तरी चुकीबद्दल असतं.

मी त्याच संस्थेच्या भांडारात आहे. सिरिंज, कुंड्या, हातमोजे, दिवे, जे लागेल ते माझ्या खिडकीतून जातं. तिनेच मला त्या खिडकीत पाहिलं आणि आपल्या धाकट्या भावासाठी पसंत केलं. माझ्यात काय पाहिलंस, असं मी लग्नानंतर तिला विचारलं. म्हणाली, ‘‘मागितल्यापेक्षा एकही वस्तू तू जास्त देत नव्हतीस.’’ ही स्तुती होती की आणखी काही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी तिला ‘तुम्ही’ म्हटलं तर तिने हात वर करून मला थांबवलं. ‘‘तू म्हण. उगाच वेळ जातो.’’ तेव्हापासून मी तिला संस्थेच्या काचघरातही बघते आणि स्वयंपाकघरातही. दोन्हीकडे ती सारखीच आहे. लोक याला मोठा गुण समजतात. अशा माणसाबरोबर एका घरात राहून बघावं, मग बोलावं.

तिचं काम थोडं समजावून सांगावं लागेल. मला जेवढं कळलं तेवढंच सांगते, म्हणजे फार वेळ लागणार नाही.

झाडाच्या प्रत्येक पेशीत हजारो जनुकं असतात. जनुक म्हणजे एक हुकूम. हुकूम जागचा हलत नाही, त्याची चिठ्ठी निघते आणि चिठ्ठीवरून काम होतं. या चिठ्ठीला आरएनए म्हणतात. ताई एक सौम्यसा विषाणू घेते आणि त्यात अशा चिठ्ठीचा एक तुकडा घालते. पिचकारीच्या पाण्यातून विषाणू पानात शिरला की झाड त्याच्याशी भांडायला उठतं आणि त्या तुकड्याशी जुळणारी दिसेल ती चिठ्ठी फाडत सुटतं. त्यात आपल्याही चिठ्ठ्या फाडतोय, हे त्याला कळत नाही. हुकूम जागच्या जागी राहतो, पण त्याचा आवाज बंद होतो. याला ती मंडळी ‘जनुक गप्प करणं’ म्हणतात. मग झाडाचं काय बिघडतं ते बघत बसायचं. जे बिघडलं, ते त्या जनुकाचं काम.

‘‘म्हणजे एकेकाला रजेवर पाठवायचं आणि ऑफिसात कशाची बोंब होते ते बघायचं,’’ माझा नवरा म्हणाला होता.

‘‘जवळपास,’’ ताई म्हणाली. तिच्याकडून ‘जवळपास’ मिळणं म्हणजे पैकीच्या पैकी.

पण जनुकांचीही कुटुंबं असतात, आणि तिथे सगळी गोची होते. एकाच घराण्यातली, एकसारखी दिसणारी, एकच काम येणारी पाच-सहा जनुकं. एकाला गप्प केलं की शेजारचं भावंड मुकाट्याने उठतं आणि त्याचं काम करून टाकतं. झाड मजेत. बघणाऱ्याला वाटतं, या जनुकाला काही कामच नाही. ताईने आयुष्य घालवलं ते पाच जणांच्या अशा एका कुटुंबावर. झाडाचं खोड ताठ ठेवणं हे यांचं काम, असा तिचा दावा. तिने एकेकाला गप्प केलं, झाड ताठ. जोड्या केल्या, झाड ताठ. शेवटी पाचांतही अगदी सारखा असलेला एक तुकडा तिने शोधून काढला आणि एकाच फटक्यात पाचही गप्प केली. आता तरी खोडाने मान टाकायला हवी होती. झाड काही आडवं होईना.

कुणी म्हणेल, गप्प करण्यातच काही चुकलं असेल. त्यासाठी त्यांच्याकडे एक रीत आहे, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या विद्येत ती सर्वांत शहाणी गोष्ट आहे. प्रत्येक खेपेत दोन-तीन रोपं वेगळी ठेवतात. त्यांच्यात पानांचा हिरवेपणा राखणारं जनुक गप्प करतात. हे जनुक एकुलतं एक, भाऊ ना बहीण. त्याचं काम करायला दुसरं कुणी नाही, म्हणून नवी पालवी पांढरीफटक फुटते. पांढरं झाड दिसलं की समजायचं, औषध लागू पडलंय, आता बाकीच्या रोपांवर विश्वास ठेवा. नाही पांढरं झालं तर अख्खी खेप फेकून द्यायची, निकाल कितीही गोड असला तरी. ‘‘पांढऱ्याशिवाय बोलू नका,’’ हे ताईचं काचघरातलं वाक्य. एका मुलीने तिला घाईघाईने लग्न ठरल्याचं सांगितलं, तेव्हाही ताईच्या तोंडून तेच निघालं होतं म्हणतात.

ताईची पांढरी झाडं व्यवस्थित पांढरी होत होती. तरीही पाच जणांविना बाकीच्या रोपांची खोडं उभी. संचालकांनी एक दिवस काचघराला फेरी मारली, रोपांकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमची जनुकं रिकामटेकडी दिसतात. हा कोपरा आता दुसऱ्या कुणाला देऊ या.’’ ताईने मान डोलावली. त्या संध्याकाळी तिने माझ्या खिडकीवरून काही नेलं नाही.

नेमकं याच सुमारास तिच्या एका जुन्या मैत्रिणीचं बोलावणं आलं. दोघी एकत्र शिकलेल्या. मैत्रीण आता दूरच्या शहरात मोठ्या प्रयोगशाळेची प्रमुख. तिने फोनवर सांगितलं, दोन वर्षांसाठी ये, तुझ्या झाडांसाठी थंड खोली देते, तुझं जनुकांचं कुटुंब तू तुझ्या पद्धतीने तपास. उत्तर मात्र महिनाअखेरीस हवं. ताई तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. या वयात असं बोलावणं दोनदा येत नाही.

‘‘मला जायचंय,’’ ती स्वयंपाकघरात मला म्हणाली. ओट्याशी पाठ करून, भांडी विसळता विसळता. ‘मला’ने सुरू होणारं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं, म्हणून मी नळ बंद केला.

‘‘मग जा.’’

‘‘आणि बाबांचं?’’

बाबा म्हणजे माझे सासरे. लेथवर उभं राहून त्यांनी जन्म काढला. कारखान्यात टर्नर. बोलणं आधीपासूनच मोजकं. काही वर्षांपूर्वी झटका आला, डावा हात आणि डावा पाय दुबळा झाला आणि त्यानंतर बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते बसलेच. सकाळी कुणीतरी त्यांना खुर्चीत आणायचं, रात्री कुणीतरी पलंगावर न्यायचं. ते ‘कुणीतरी’ म्हणजे ताई. गोळ्या ताई, हाताचा व्यायाम ताई, डॉक्टर ताई, नखं कापणं ताई. शिवाय गॅस संपत आलाय, विजेचं बिल भरायचंय, गच्चीवरच्या टाकीचं झाकण उडालंय, हेही ताईच. माझा नवरा वाईट नाही. त्याला फक्त कधी कळलंच नव्हतं की टाकीला झाकण असतं. ताईची धाकटी बहीण आमच्याच शहरात राहते, आठवड्याला येते, बाबांच्या गालावरून हात फिरवते, डोळ्यांत पाणी आणते आणि जाते. आणि मी, मागितल्यापेक्षा जास्त न देणारी.

दुसरी कुणी असती तर भावंडांना एकत्र बसवलं असतं, थोडं रडून घेतलं असतं आणि विचारलं असतं, मी गेले तर तुम्ही कराल का? ताईला हे पटेना. ‘‘विचारलं की हो म्हणतील. हो म्हणायला काय जातं? मला बोलणं नको, निकाल हवा.’’ आणि मग तिने तो बेत मला सांगितला, जो करायला बाईचं अर्धं आयुष्य काचघरातच जायला हवं. ती घरातच राहणार होती, पण गप्प. काही करायचं नाही, काही आठवण करून द्यायची नाही, कुणी विचारलं तर ‘बघा तुम्ही’ म्हणायचं. मग कोण उठतं आणि काय कोसळतं ते बघायचं.

‘‘आणि मी?’’

‘‘तू आत्ता करतेस तेवढंच करायचं. म्हणून तर तुला सांगतेय.’’

घरातलं पांढरं झाडही तिने ठरवलं होतं. बाहेरच्या खोलीत बाबांच्या खुर्चीसमोर भिंतीवर एक चावीचं घड्याळ आहे. दर रविवारी चावी द्यावी लागते, नाही दिली तर दोन-तीन दिवसांत बंद पडतं. ती चावी ताईशिवाय कुणी दिलेली नव्हती, कुणाच्या डोक्यातही ते नव्हतं. तिने चावी दिली नाही की घड्याळ थांबायलाच हवं. थांबलं तर ती खरोखर गप्प आहे असं धरायचं आणि बाकीच्या निकालावर विश्वास ठेवायचा.

‘‘तू गप्प आहेस की नाही हे कळायला घड्याळ कशाला लागतं?’’ मी विचारलं.

‘‘सवयीचा भरवसा नाही. मी हळूच काहीतरी करून टाकेन आणि मलाच कळणार नाही.’’

मग सुरू झालं. पहिले काही दिवस आमच्या घराला घर म्हणणं कठीण होतं. सकाळचं दूध उतू गेलं, कचरा दारात तसाच राहिला, बाबांची दुपारची गोळी संध्याकाळी सापडली. ताई हाताची घडी घालून जेवणाच्या टेबलाशी बसलेली. मी तिच्याकडे पाहिलं की ती छताकडे बघायची. माझ्या नवऱ्याने तीन वेळा विचारलं, ‘‘ताई, तुला बरं नाही का?’’ तिन्ही वेळा ‘‘बघा तुम्ही’’ ऐकून तो बावचळला, मग चिडला आणि मग, मला खोटं वाटेल अशा रीतीने, कामाला लागला.

त्याने बाबांच्या गोळ्या लावायला घेतल्या. पहिल्यांदा चुकला, मग डॉक्टरांना फोन करून पुन्हा विचारून घेतल्या. सकाळी उठून बाबांच्या हाताचा व्यायाम घेऊ लागला, मोठ्याने आकडे म्हणत, कवायतीच्या मास्तरासारखा. बाबांना तो आवाज आवडत नसावा, पण हात वर जात होता. धाकटी एका संध्याकाळी आली, सिंकमधली भांडी पाहिली, ताईकडे पाहिलं, पदर खोचला आणि घासायला लागली. मग एक दिवसाआड येऊ लागली. डोळ्यांत पाणी आणायला आता तिला वेळ मिळत नव्हता. मीसुद्धा, ठरल्याबाहेर, बाबांची नखं कापली. ताईने ते पाहिलं आणि नजर छताकडे वळवली.

एवढं सगळं सुरळीत चालू झालं आणि ताईचा चेहरा उतरला. मी तिला विचारलं, तर ती सरळ म्हणाली, ‘‘मला वाटलं होतं, थोडं तरी कोसळेल.’’ तिला दुःख झालं होतं आणि ते लपवायचं तिला सुचलं नाही. इतकी वर्षं जिवाचं रान केलं आणि घराला दोन आठवड्यांत तिची गरज उरली नाही, असं तिला वाटत होतं. मला तिची कीव आली आणि हसूही आलं. जायचं तर होतं बाईला, वर पाठीमागे घर पडायलाही हवं होतं.

पण घड्याळ थांबलं नव्हतं.

पहिला रविवार गेला. मंगळवारी टिकटिक चालू. बुधवारी चालू. शुक्रवारी ताई ऑफिसातून आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि घड्याळासमोर उभी राहिली. काचघरात खेप बिघडल्यावर तिचा चेहरा होतो तसा झाला होता.

‘‘पांढरं झालं नाही,’’ ती मला आत नेऊन म्हणाली.

‘‘अगं, एक घड्याळ. चालू दे की.’’

‘‘पांढरं नाही झालं तर बाकीचं सगळं रद्द. कुणीतरी माझ्या मागून सावरतंय. मीच असेन कदाचित.’’

तिने आधी स्वतःवरच पाळत ठेवली. घड्याळाची चावी खिळ्याला टांगलेली असते, तिला आणि खिळ्याला मिळून पांढऱ्या दोऱ्याची गाठ मारली. सवयीने हात गेलाच तर दोरा अडवेल. दुसरा रविवार झाला. सोमवारी दोरा जागेवर होता, पण गाठ तिची नव्हती. तिची गाठ ढिली, ही आवळलेली, टोकं नीट कापलेली. आणि घड्याळ चालू.

मग ती माझ्यावर आली. ‘‘तू दिलीस चावी.’’

मी चिडले. मी म्हटलं, ‘‘ताई, तुझ्या बेतापायी मी दोन आठवडे मूग गिळून बसलेय, नवऱ्याशी खोटं बोललेय, आणि आता मी चोर? मला तुझ्या घड्याळाशी काय देणंघेणं? मी मागितल्यापेक्षा जास्त देत नाही, तूच म्हणतेस.’’ तिने माफी मागितली नाही, मान हलवली. तिच्याकडे माफीचा तोच प्रकार आहे.

तिसऱ्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला उत्तर द्यायचं होतं. त्या रविवारी सकाळी माझा नवरा बाजाराला निघाला होता, धाकटी यायची होती. आम्ही दोघी आतल्या खोलीत दार थोडं लोटून, फटीतून बाहेर बघत उभ्या. दोन प्रौढ बायका, आपल्याच घरात, एका घड्याळावर नजर ठेवून. कुणी पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं, हा विचार मी केला आणि सोडून दिला. बाहेरच्या खोलीत बाबांशिवाय कुणीच नव्हतं, म्हणून मला वाटलं, आज काही दिसायचं नाही.

बाबांनी बाजारात गेलेल्या मुलाची पावलं जिन्यावर विरेपर्यंत वाट पाहिली. मग उजव्या हाताने खुर्चीचा हात धरून उभे राहिले. एकटे. मी त्यांना एकटं उभं राहिलेलं झटक्यानंतर पाहिलं नव्हतं. टेबलाखालचं लाकडी स्टूल त्यांनी चांगल्या पायाने ओढलं, भिंतीला लावलं, एकदा हलवून पाहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. नीट ऐकलं तेव्हा कळलं, ‘‘चढताना चांगला, उतरताना वाईट.’’ झटक्यानंतर पायऱ्यांसाठी ताईनेच त्यांना हे घोकायला लावलं होतं. चढायचं तर चांगला पाय आधी, उतरायचं तर दुबळा.

उजवा पाय स्टुलावर गेला. मी पुढे झाले. ताईचा हात माझ्यासमोर आडवा आला.

‘‘थांब.’’

‘‘ताई, पडतील.’’

‘‘थांब म्हणते ना.’’

बाबांनी डावं कोपर भिंतीला रेटलं आणि अंग वर खेचलं. डावा पाय मागून आला, ओढत, लटपटत, पण आला. ताईने पुन्हा हाताची घडी घातली होती आणि स्वतःची नखं स्वतःच्याच दंडात रुतवली होती. चार पावलांवर बाप स्टुलावर डुलत होता आणि ती हलत नव्हती. मी त्या बाईला रात्र-रात्र बाबांच्या उशाशी बसलेलं पाहिलंय, त्यांचं अंथरूण धुताना पाहिलंय. त्यातलं काहीच तिला त्या दारात उभं राहण्याइतकं जड गेलं नसेल.

बाबांनी दाताने दोरा सोडवला, काच उघडली, चावी लावली. फिरवताना त्यांचा चेहरा घड्याळाकडे नव्हता, कान होता. लेथवर यंत्र ऐकत असतील ते असेच. पुरे झाली तेव्हा थांबले, काच लावली, चावी खिळ्याला अडकवली आणि एका हाताने आणि दातांनी दोऱ्याची गाठ मारली. मग ‘उतरताना वाईट’ म्हणत डावा पाय खाली सोडला.

खुर्चीत बसल्यावर ते दाराकडे न बघताच म्हणाले, ‘‘या आता बाहेर दोघी. केव्हाच्या उभ्या आहात.’’

ताई त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. ‘‘कधीपासून चाललंय हे?’’

‘‘तू सोडलंस तेव्हापासून.’’

‘‘कशासाठी?’’

‘‘घड्याळ बंद पडलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा, माझ्यावाचून अडतं. आणि बसली असतीस इथंच.’’ मग कानाला बोट लावून म्हणाले, ‘‘माझा हात गेलाय. कान जागेवर आहेत. स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येतं.’’

‘‘आणि पडला असतात तर?’’

‘‘पडलो असतो.’’

ताई रडली. खुर्चीशेजारी जमिनीवर बसली, त्यांच्या दुबळ्या हातावर कपाळ टेकवलं आणि लहान मुलीसारखी मोठ्याने रडली. बाबांनी चांगला हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि खिडकीबाहेर बघत राहिले. मी आत जाऊन गॅस पेटवला, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. मी बाहेर आले तेव्हा ती नाक पुसत म्हणत होती, ‘‘माझी अख्खी खेप फुकट गेली बाबा.’’

‘‘कसली खेप?’’

‘‘काही नाही.’’

तिच्या नियमाने बघितलं तर निकाल लागलेलाच नव्हता. पांढरं झाड हिरवंच राहिलं होतं, म्हणजे घर तिच्याविना चालतं की नाही यावर काहीच बोलता येत नव्हतं. खेप टाकून पुन्हा पहिल्यापासून करायची, तर वेळ नव्हता. सोमवारी सकाळी तिने कपडे केले, काचघरात जायच्या आधी जिन्यात उभी राहून मैत्रिणीला फोन लावला. ‘‘येते मी,’’ एवढंच म्हणाली. उभ्या आयुष्यात ती पांढऱ्याशिवाय बोलली ती तेव्हाच.

ती गेली त्याला आता बरेच महिने झाले. घर पडलं नाही, तसं अगदी चोखही चालत नाही. गोळ्या अधूनमधून चुकतात. टाकीचं झाकण एकदा उडालं आणि आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. घड्याळ सात-आठ मिनिटं पुढे असतं, ते मागे घ्यायला कुणी धजत नाही, कारण ते बाबांचं खातं. स्टूल गेलं. बाबांनी आकृती काढून दिली आणि माझ्या नवऱ्याने तशी दोन पायऱ्यांची, कठडा असलेली घोडी बनवून आणली. पहिली बाबांनी परत पाठवली, कठडा डावीकडे लावला होता म्हणून. ताई दर रविवारी फोन करते, सगळ्यांचं विचारते. चावी दिली का, हे तिने आजवर एकदाही विचारलेलं नाही.

मागच्या रविवारी तिचा फोन वेळेच्या आधीच आला. आवाज चढलेला. मी फोनचा आवाज मोठा करून तो बाबांच्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

‘‘बाबा, झाड आडवं झालं.’’

‘‘कुठलं?’’

‘‘माझं टोमॅटोचं. पाच जणांना गप्प केलं तरी उभं राहायचं ना? ते एका सहाव्यामुळे. त्याच कुटुंबातलं होतं. पण त्याचा मधला तुकडा गळालेला, म्हणून सगळ्यांनी ते मेलेलं धरलं. कुणी मोजलंच नाही. मीसुद्धा नाही. पाचांत जो सारखा तुकडा होता तोच त्याच्यात नव्हता, म्हणून ते कधी गप्पच झालं नाही. इतकी वर्षं ते एकटं झाड धरून उभं होतं. या खेपेला त्याच्यासाठी वेगळा तुकडा केला, सहाही गप्प केली, आणि बाबा, खोडांनी माना टाकल्या. सगळ्याच्या सगळ्यांनी.’’

माझा नवरा ‘काखेत कळसा’ एवढं म्हणून गप्प झाला, कारण मी त्याच्याकडे पाहिलं. बाबा फोनकडे वाकले. मग म्हणाले, ‘‘पांढरं झालं होतं का?’’

‘‘झालं होतं, बाबा.’’

‘‘मग ठीक.’’ त्यांनी दुबळा हात चांगल्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. ‘‘मेलेलं म्हणून सोडण्याआधी त्याला एकदा विचारायचं होतंस.’’

मी फोन त्यांच्या आणखी जवळ सरकवला.

‘‘चुकलं, बाबा,’’ ताई म्हणाली.

‘‘असू दे,’’ बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, ‘‘हा फोन धर जरा. आज रविवार आहे.’’ आणि खुर्चीचा हात धरून उठले.